क्रिकेटपटु कै. बाळू पालवणकर

आपल्या शाळेचा संघ एखाद्या बलाढ्य संघाशीं झुंजत असावा, सर्वांनीं आपली हार गृहीत धरलेली असावी, आणि शेवटच्या घटकेस विजय आपल्या पदरीं पडावा, म्हणजे प्रेक्षकांचा आनंद गगनांत मावेनासा होतो. परंतु ज्यांचा आपल्या शाळेशीं कांहीं एक संबंध नाहीं असे वाटसरूहि अशा वेळीं कुंपणापाशीं थबकून टाळ्या पिटूं लागतात, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. चित्रपटगृहांतहि हाच अनुभव येतो. २००१ सालच्या ‘लगान’ या चित्रपटांत खेडवळ शेतकरी गोऱ्या अंमलदारांचा क्रिकेटच्या सामन्यांत पराभव करितात. त्यांच्या संघांत एक अस्पृश्य गोलंदाज असतो, व त्याला घ्यावें कीं न घ्यावें यावरून गांवांत मोठा वाद माजतो. तो देखावा पाहतांना पुष्कळांचे डोळे पाणावले. दुबळ्याचा विजय पाहून मनुष्याचें मन असें कां उचंबळून यावें? या प्रश्नाचा विचार करण्यास कल्पित कथेपेक्षां एका खऱ्या पुरुषाचें चरित्र अधिक उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें एका चर्मकार कुटुंबांत झाला. त्यांचें मूळ गांव कोंकणांतील पालवण. त्यावरूनच त्यांचें आडनांव पडलें. वडील लष्करांत नोकरीस असल्यामुळें मुलांचें बालपण पुण्याच्या छावणींत गेलें. गोऱ्या अधिकाऱ्यांनीं टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू व त्यांचे धाकटे बंधु शिवराम क्रिकेट शिकले. घरच्या गरजेमुळें बाळूंना लहानपणींच चाकरी पत्करावी लागली. प्रथम ते पारशी लोकांच्या क्लबांत लागले. तेथें खेळपट्टी झाडणें व रोलर फिरविणें हें त्यांचें काम, आणि दरमहा तीन रुपये हें त्यांचें वेतन. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या क्लबांत चार रुपयांवर गेले.

या क्लबांतच त्यांची विद्या पूर्णत्वास आली. कॅप्टन ग्रेग नांवाचे एक नामांकित फलंदाज रोज इतरांच्या आधीं मैदानावर येत व बाळूंना गोलंदाजी करावयास सांगत. बाळू डावखुरे होते. त्यांचा चेंडू मंदगतीनें येई, परंतु तो कोठें पडेल व कोणत्या बाजूस वळेल याचा अंदाज भल्याभल्यांना लागत नसे. ग्रेगसाहेब बाद झाले कीं प्रत्येक वेळीं आठ आणे बक्षीस देत असें सांगतात. चार रुपये महिना मिळविणाऱ्या मुलास आठ आणे म्हणजे जवळजवळ चार दिवसांचा पगार होता! तासन् तास गोलंदाजी करूनहि बाळूंच्या हातीं बॅट मात्र कोणी दिली नाहीं. फलंदाजी हा साहेबांचा मान होता. चाकरानें चेंडू टाकावा एवढेंच.

त्यांची कीर्ति हळूंहळूं शहरांत पसरली. पुण्याच्या हिंदु क्लबास युरोपियनांचा पराभव करावयाचा होता, आणि तो बाळूंवांचून होणें कठीण होतें. संघांतील कांहीं जणांनीं त्यांच्या जातीमुळें हरकत घेतली. शेवटीं विजयाच्या इच्छेनें सोंवळ्यावर मात केली व बाळू संघांत आले. मैदानावर सर्वजण एकच चेंडू हाताळीत. चहाच्या सुटींत मात्र इतर खेळाडु आंत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा पीत, आणि ज्यानें सामना जिंकून द्यावयाचा तो बाहेर उभा राहून फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यांतून पिई. त्याचें जेवणहि निराळ्या पात्रांत व निराळ्या जागीं वाढीत. तरीहि बाळूंच्या गोलंदाजीनें पुण्याचे युरोपियन हरले. साताऱ्यास त्यांच्या चेंडूस वळण मिळूं नये म्हणून खेळपट्टी मुद्दाम दाबून सपाट केली होती. तेथेंहि त्यांनीं सात गडी टिपले. न्यायमूर्ति रानडे यांनीं त्यांचा जाहीर गौरव केला. ज्याच्यासह खेळतां त्याच्यासह खाण्यापिण्यास प्रत्यवाय कां असावा, अशा आशयाचा उपदेश त्यांनीं खेळाडूंस केला.

पुढें प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईस आले. तेथें ते हिंदु जिमखान्याकडून खेळूं लागले व रेल्वेच्या नोकरींत शिरले. १९०६ सालीं मुंबईस हिंदु व युरोपियन यांचा मोठा सामना झाला. हिंदूंनीं दोन डावांत २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांच्या १९१ व १०२ झाल्या. राज्यकर्त्यांचा १०९ धावांनीं पराभव! या सामन्यांत बाळूंनीं एकट्यानें आठ गडी बाद केले होते. शिवरामहि त्याच संघांत होते.

१९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदुस्थानचा संघ इंग्लंडांत गेला. हा संघ बहुतेक सामने हरला, तरी खांदा दुखत असतांहि बाळूंनीं त्या दौऱ्यांत ११४ गडी बाद केले.

एवढें झाल्यावर हिंदु संघाचें कप्तानपद त्यांजकडे सहज यावें. पण तें त्यांस कधींच मिळालें नाहीं. १९१३ सालीं कप्तान झालेल्या श्री. पै यांनीं हा मान बाळूंचा होता असें उदारपणें सांगितलें. १९२० सालीं तर बाळूंना प्रथम संघांतूनच वगळलें. तेव्हां शिवराम व विठ्ठल या बंधूंनीं स्वाभिमानानें खेळण्याचें नाकारलें. पुढें तडजोड झाली, बाळू उपकप्तान झाले, आणि पै कांहीं वेळ मैदानाबाहेर गेले असतां त्यांनीं संघ चालविला. घराण्याचा खरा न्याय १९२३ सालीं झाला. त्या वर्षीं विठ्ठल कप्तान झाले, हिंदूंनीं चौरंगी सामने जिंकले, आणि ज्यांच्या वाडवडिलांस या घराण्याची सांवलीहि चालली नसती अशांनीं विठ्ठलांस खांद्यावर उचलून नाचविलें.

उत्तरायुष्यांत बाळूंनीं सार्वजनिक कार्यांत लक्ष घातलें. १९३२ च्या पुणें करारावर त्यांची सही आहे. १९३७ सालीं ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध निवडणुकीस उभे राहिले. डॉक्टरांस १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मतें मिळालीं. ४ जुलै १९५५ रोजीं मुंबईस त्यांचें निधन झालें. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांनीं १७९ गडी बाद केले होते.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. आपणांपैकीं प्रत्येकाच्या मनांत कोठेंतरी आपण लहान आहों, उपेक्षित आहों, ही जाणीव दडलेली असते; म्हणून दुबळा जिंकला कीं आपणच जिंकलों असें वाटतें. शिवाय मैदानावर थोडा वेळ तरी खरा न्याय नांदतो. चेंडू कोणाचें कुळ विचारीत नाहीं, आणि उडालेली यष्टि कोणाची भीड धरीत नाहीं. असा न्याय घरांत व बाजारांत विरळा आढळतो, म्हणून त्याच्या दर्शनानें डोळे भरून येतात.

परंतु, विद्यार्थिमित्रांनो, हे अश्रु फार स्वस्त असतात. चित्रपट विजयाच्या क्षणीं संपतो. मनुष्याचें आयुष्य त्यानंतर सुरू राहतें. बाळूंसाठीं टाळ्या वाजविणारे हात पुष्कळ होते, पण त्याच हातांनीं त्यांच्यापुढें मातीचें भांडें ठेविलें. म्हणून खरी परीक्षा सामन्याच्या दुसऱ्या दिवशीं असते. आपल्या मैदानावर जाळें बांधणाऱ्या व चुन्याची रेघ ओढणाऱ्या मुलाच्या हातीं तुम्हीं कधीं बॅट दिली आहे काय? आणि पालकहो, आपल्या घरीं कामास येणाऱ्या मनुष्याचा पेला आपण निराळा ठेवीत नाहीं ना? या प्रश्नांचीं उत्तरें जो स्वच्छ मनानें देऊं शकेल, त्यानेंच दुबळ्याच्या विजयाचा आनंद मोकळेपणानें भोगावा.