रुडॉल्फ हॅस : ज्यांच्या रोपाने कलम धरले नाही

जगाच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या अ‍ॅव्होकाडोंपैकी सुमारे ८० टक्के फळे एकाच जातीची असतात, आणि त्या जातीला एका अमेरिकन पोस्टमनचे नाव आहे. रुडॉल्फ गुस्ताव हॅस हे ना वनस्पतिशास्त्रज्ञ होते, ना मोठे बागायतदार. त्यांच्या हातून घडलेली गोष्ट एवढीच, की न जमलेल्या कलमाचे एक रोप त्यांनी उपटून टाकले नाही. आपल्याकडे हापूस आंब्याचे नाव पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्क यांच्यावरून पडल्याचे मानले जाते. पण त्यांनी स्वतः कधी झाड लावल्याचे कोणी सांगत नाही. हॅस यांनी मात्र आपल्या नावाच्या झाडाची बी आपल्याच जमिनीत रुजवली होती. (या आडनावाचा उच्चार ‘हास’ असा सर्रास केला जातो, कुटुंबात तो ‘हॅस’ असाच होता.)

विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात ५ जून १८९२ रोजी त्यांचा जन्म झाला. १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते पत्नी एलिझाबेथ यांच्यासह दक्षिण कॅलिफोर्नियात आले. तेथे त्यांनी विक्रेत्याची निरनिराळी कामे करून पाहिली आणि अखेर पासाडेना परिसरात टपाल वाटण्याची नोकरी पत्करली. वेतन ताशी २५ सेंट होते. अशा माणसाला जमिनीची ओढ का लागावी, याचे उत्तर त्या काळाच्या हवेत आहे. अ‍ॅव्होकाडो हे कॅलिफोर्नियातील नवे धन मानले जात होते. १९२५ च्या सुमारास हॅस यांच्या पाहण्यात एका नियतकालिकातील चित्र आले. त्यात अ‍ॅव्होकाडोच्या झाडाला फळांऐवजी डॉलरच्या नोटा लटकलेल्या दाखवल्या होत्या. हॅस यांनी जवळची सारी पुंजी गोळा केली, बहीण आयडा यांच्याकडून कर्ज घेतले आणि ला हाब्रा हाइट्स येथे दीड एकराची लहानशी बाग विकत घेतली. पोस्टमनची नोकरी मात्र सोडली नाही.

त्या काळी कॅलिफोर्नियात फ्युएर्ते या जातीचा बोलबाला होता. १९११ मध्ये कार्ल श्मिट यांनी मेक्सिकोतील आत्लिस्को येथून आणलेल्या काड्यांपासून ती तयार झाली. १९१३ च्या कडाक्याच्या थंडीत इतर झाडे करपली, ही टिकून राहिली. म्हणून स्पॅनिश भाषेत ‘बळकट’ असा अर्थ असलेले हे नाव तिला मिळाले. हॅस यांनाही बागेत फ्युएर्तेच वाढवायची होती. परंतु रोपवाटिकेतील तयार कलमे घेणे त्यांच्या ऐपतीबाहेरचे होते. त्यांनी व्हिटियर येथील ए. आर. राइडआउट या हौशी रोपवाटिकाकारांकडून बिया घेतल्या. राइडआउट मिळेल तेथून बिया जमवत. उपाहारगृहांतून टाकून दिलेल्या बियाही त्यांना वर्ज्य नव्हत्या. हॅस यांनी प्रत्येक खड्ड्यात तीन बिया टोचल्या. त्यांतील जोमदार रोप ठेवायचे, त्यावर फ्युएर्तेचे कलम करायचे, असा त्यांचा बेत होता.

हा खटाटोप का करावा लागतो, हे आंब्याच्या मुलखातील वाचकांना निराळे सांगायला नको. रायवळ आंब्याची कोय लावली तर आईसारखे फळ येईलच, याचा नेम नसतो. अ‍ॅव्होकाडोचेही तसेच आहे, किंबहुना अधिकच. त्याचे फूल दोनदा उमलते, एकदा मादी म्हणून आणि दुसऱ्या दिवशी नर म्हणून. काही जातींची फुले सकाळी मादी असतात, तर काहींची दुपारी. फुलांची ही पाळी बी. एस. निरोडी यांनी १९२२ मध्ये आणि पाठोपाठ ए. बी. स्टाउट यांनी नोंदवली. निसर्गाने परागणाची अशी योजना केल्यामुळे परक्या झाडाच्या परागाला वाव मिळतो आणि प्रत्येक बी हे एक नवेच मिश्रण ठरते. तेव्हा हमखास फळ हवे, तर खुंटाचे रोप आणि हव्या त्या जातीची काडी यांची गाठ घालण्याखेरीज मार्ग नाही. साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढीचा एक कोवळा थर असतो. खुंटाचा आणि काडीचा हा थर एकमेकांना नेमका भिडला पाहिजे, सांध्यात हवा आणि पाणी शिरता कामा नये, काडी फार कोवळी किंवा फार जून असता कामा नये. हे सारे जमले, तर काही आठवड्यांत दोन्ही जीव एक होतात.

कलमे करण्यासाठी हॅस यांनी कॉल्किन्स नावाच्या व्यावसायिक कलमकारांना बोलावले. पहिल्या खेपेत बहुतेक रोपांवर कलमे जगली. तीन रोपांनी दाद दिली नाही. पुढच्या हंगामात त्यांवर पुन्हा कलमे बांधण्यात आली. त्यांतील दोन लागली, तिसरे रोप हटवादीच राहिले. पुन्हा प्रयत्न झाला आणि तोही फसला. हॅस यांनी ते तोडून टाकण्याचे ठरवले होते. झाडात जोम आहे, त्याला त्याच्या मार्गाने वाढू द्यावे, असा सल्ला कॉल्किन्स यांनी दिला. दीड एकराच्या बागेत एका रायवळ झाडासाठी जागा अडवणे कर्जदार माणसाला परवडण्याजोगे नव्हते, तरी हॅस यांनी तो मानला.

पुढे काय झाले, ते कुटुंबाच्या आठवणींतून सर्वश्रुत आहे. त्या झाडाला फार लवकर फळ धरले. फळ गुळगुळीत हिरवे नव्हते. साल जाड व खरबरीत होती आणि पिकल्यावर ती जवळजवळ काळी पडे. हॅस यांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. मुलांनी मात्र फ्युएर्ते बाजूला सारून याच फळाची मागणी सुरू केली. आईवडिलांनीही चव घेतली. गर लोण्यासारखा होता, धागा नव्हता, चवीत अक्रोडाची झाक होती. घरात खाऊन उरलेली फळे हॅस यांनी टपाल कार्यालयातील सहकाऱ्यांना विकली. पुढे पासाडेनातील एका दुकानात श्रीमंत घरांचे आचारी ती एका डॉलरला एक या दराने नेऊ लागले. नोकरीत लागताना मिळणाऱ्या वेतनाशी ताडून पाहिले, तर चार तासांच्या पायपिटीची कमाई एका फळात येत होती.

या चवीमागे रसायनशास्त्र आहे. अ‍ॅव्होकाडोत साखर नाममात्र असते. त्याची सारी मातबरी तेलात असते. कच्ची फळे बाजारात येऊ नयेत म्हणून कॅलिफोर्नियाने १९२५ मध्ये कायदा करून गरात किमान ८ टक्के तेल असण्याची अट घातली होती. पूर्ण तयार झालेल्या हॅस फळात तेलाचे प्रमाण १८ टक्क्यांच्याही पुढे जाऊ शकते. आज उपलब्ध असलेल्या पृथक्करणांनुसार १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम मेद असतो आणि त्यातील सुमारे १० ग्रॅम एक-असंतृप्त प्रकारचा, म्हणजे ऑलिव्हच्या तेलात असतो तसा असतो. त्याखेरीज ६ ते ७ ग्रॅम तंतू आणि सुमारे ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम मिळते; इतक्याच वजनाच्या केळ्यात पोटॅशियम याहून कमी असते. शिवाय हे फळ झाडावर पिकत नाही, काढल्यावरच पिकते. हॅसचे फळ तयार झाल्यावरही कित्येक आठवडे झाडावर तसेच राहू शकते आणि त्या काळात त्यातील तेल वाढत जाते. फ्युएर्तेचा हंगाम मुख्यतः हिवाळ्यात असतो, हॅसचा वसंतापासून शरदापर्यंत. बाजार जेव्हा रिकामा असे, तेव्हा हे झाड भरलेले असे.

हॅस यांनी १९३५ मध्ये या झाडाचे पेटंट घेतले. त्याचा वनस्पती पेटंट क्रमांक १३९ आहे. कलम, छाटकलम अशा मार्गांनी वाढवल्या जाणाऱ्या वनस्पतींना पेटंट देणारा कायदा अमेरिकेत १९३० मध्येच झाला होता. व्हिटियर येथील रोपवाटिकाकार हॅरल्ड ब्रोकॉ यांच्याशी हॅस यांनी करार केला. ब्रोकॉ यांनी कलमे वाढवून विकावीत आणि नफ्याचा चौथा हिस्सा हॅस यांना द्यावा, असे ठरले. ब्रोकॉ यांनी फ्युएर्तेला मागे टाकून हॅसचाच हिरिरीने प्रसार केला आणि त्यांची कलमे पाहता पाहता संपू लागली.

पण ज्या विद्येने हे झाड पसरले, तिनेच त्याच्या धन्याचे उत्पन्न खाल्ले. बागायतदार ब्रोकॉ यांच्याकडून एक कलम घेत, ते वाढवत आणि त्याच्याच काड्या कापून उरलेली बाग भरून काढत. यंत्राची नक्कल करायला कारखाना लागतो. झाडाची नक्कल करायला धारदार चाकू आणि बांधायला पट्टी पुरते. बागेच्या कुंपणाआड कोणी किती कलमे बांधली, हे कोणता न्यायाधीश मोजणार? पेटंटच्या १७ वर्षांत हॅस यांच्या हाती सुमारे ५,००० डॉलर आले. मिळालेल्या रकमेपेक्षा न मिळालेली रक्कम कितीतरी मोठी होती, यात शंका नाही. कायदा त्यांच्या बाजूने होता. तो राबवण्याचा उपाय मात्र कोणाकडेच नव्हता, असेच म्हणावे लागेल.

या काळात हॅस टपाल वाटतच राहिले. फॉलब्रुक येथे त्यांनी ८० एकरांची बाग उभी केली आणि १९५२ मध्ये तिचे पहिले पीक हाती आले. त्याच वर्षी पेटंटची मुदत संपली. २४ ऑक्टोबर १९५२ रोजी फॉलब्रुक येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. ते ६० वर्षांचे होते.

त्यांच्या नावाचा खरा विस्तार त्यानंतरचा आहे. काळे पडणारे फळ सडके समजून ग्राहक दीर्घकाळ नाक मुरडत असत. पुढे जाड सालीमुळे ते लांबच्या प्रवासात टिकते आणि काळ्या रंगात डाग झाकले जातात, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात हॅसने फ्युएर्तेला मागे टाकले. कीडरोगाच्या भीतीने १९१४ पासून अमेरिकेला बंद असलेली मेक्सिकोची फळे १९९७ पासून मर्यादित राज्यांत येऊ लागली. मिचोआकान प्रांतातील त्या बागा बहुतांशी हॅसच्याच होत्या.

कलमातील खालचा जोडीदार फळाच्या नावात कधीच येत नाही, पण झाडाचे पोषण तोच ठरवतो. मुळांतून किती क्षार वर चढतील, हे खुंटाच्या कुळावर अवलंबून असते. वेस्ट इंडियन कुळाचे खुंट खाऱ्या पाण्याला बरेच तोंड देतात. मेक्सिकन खुंटांना थंडी सोसते, पण त्यांच्यावरील पानांत क्लोराइड साठून कडा लवकर करपतात. रिव्हरसाइड येथील कृषिशास्त्रज्ञ ए. आर. सी. हास यांनी या करपण्याचा आणि पानांतील क्लोरीनचा संबंध विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तपासला होता. नावाच्या साधर्म्यामुळे त्यांना आणि पोस्टमन हॅस यांना एकच समजण्याची चूक होऊ शकते.

भारतात कोडगू, निलगिरी, वायनाड आणि सिक्कीम येथे अ‍ॅव्होकाडोची झाडे विसाव्या शतकापासून आहेत. दक्षिणेत त्याला ‘बटर फ्रूट’ म्हणतात. कॉफीच्या मळ्यांतील यांपैकी बहुतेक झाडे बियांपासून वाढलेली, म्हणजे रायवळच आहेत. त्यांतून उत्तम झाडे निवडून भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या कोडगूतील चेट्टळ्ळी केंद्राने ‘अर्का सुप्रीम’ आणि ‘अर्का कूर्ग रवि’ या जाती पुढे आणल्या आहेत. ला हाब्रा हाइट्सच्या बागेत जी निवड मुलांच्या जिभेने केली, ती येथे प्रयोगशाळेच्या साहाय्याने होत आहे.

मूळ झाड मात्र कलम नसल्यामुळे शेवटपर्यंत स्वतःच्याच मुळांवर उभे होते. त्याच्या भोवतीची बाग जाऊन घरे आली, तरी ते फळत राहिले. मुळे कुजवणाऱ्या फायटोफ्थोरा बुरशीने अखेर त्याला गाठले. नव्या बागांत या रोगाला दाद न देणाऱ्या ‘ड्यूक ७’ आणि ‘डुसा’ यांसारख्या खुंटांवर हॅसची कलमे बांधतात. जन्मदात्या झाडाला ती सोय नव्हती. सुमारे दहा वर्षे उपचार करूनही ते वाळले आणि सप्टेंबर २००२ मध्ये तोडण्यात आले. त्याचे लाकूड हॅरल्ड ब्रोकॉ यांच्या पुतण्याने जपून ठेवले.

२०१९ मध्ये संशोधकांनी हॅसचा जनुकसंच उलगडला. हे फळ मुख्यतः ग्वाटेमालन कुळाचे असावे, हा जुना समज त्यातून खोटा ठरला. त्याचा सुमारे ६१ टक्के वारसा मेक्सिकन आणि ३९ टक्के ग्वाटेमालन निघाला. राइडआउट यांच्या हाती आलेली ती बी कोणत्या झाडाच्या फळातून निघाली होती, याची मात्र कोठेही नोंद नाही.