ज्या डॉक्टरला मृत्युदंडच नको होता, त्याचंच नाव मुंडकं उडवणाऱ्या यंत्राला चिकटलं

दरवर्षी बजेट अधिवेशनात एक शब्द हमखास कानावर पडतो. गिलोटिन. चर्चेची मुदत संपली की उरलेल्या खात्यांच्या मागण्या लोकसभेत एकदम मताला टाकल्या जातात आणि चर्चेविनाच मंजूर होतात, त्याला संसदेच्या भाषेत गिलोटिन म्हणतात. छापखान्यात कागदाची थप्पी एका दणक्यात कापणारं मशीन असतं, तेही गिलोटिनच.

शब्द फ्रान्समधल्या मुंडकं उडवणाऱ्या यंत्रावरून आला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण ते नाव एका डॉक्टरचं आहे. त्यानं ते यंत्र बनवलं नव्हतं, आणि वर तो मृत्युदंडाच्याच विरोधात होता.

त्याचं नाव जोसेफ इग्नास गियोतां. जन्म २८ मे १७३८, पश्चिम फ्रान्समधल्या सँत गावचा. त्याच्या जन्माची एक गोष्ट आवडीनं सांगितली जाते. एका गुन्हेगाराची हाडं चाकावर मोडली जात होती, त्याच्या किंकाळ्या ऐकून गियोतांची गरोदर आई घाबरली आणि वेळेआधीच बाळंत झाली म्हणे. पुढं जे घडलं ते बघून कुणीतरी मागाहून जोडलेली गोष्ट वाटते.

जेझुइट पाद्र्यांकडे शिकून हा गडी बोर्दोमध्ये साहित्य शिकवायला लागला. ते सोडून पॅरिसला आला आणि डॉक्टर झाला. नाव इतकं कमावलं की १७८४ साली राजा सोळाव्या लुईनं एका चौकशी समितीवर त्याला घेतलं. पॅरिसमध्ये मेस्मर नावाचा एक वैद्य अंगातल्या चुंबकशक्तीनं रोग बरे करतो असा दावा करत होता, त्याची तपासणी करायची होती. समितीत बेंजामिन फ्रँकलिन होता, रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए होता, खगोलशास्त्रज्ञ बायी होता. ही शेवटची दोन नावं लक्षात ठेवा.

१७८८ साली राजानं तब्बल पावणेदोनशे वर्षांनी देशाची प्रतिनिधी सभा बोलवायचं ठरवलं. धर्मगुरू आणि सरदार यांचे मिळून जितके प्रतिनिधी असतील तितके सामान्य जनतेचे असले पाहिजेत, अशी मागणी करणारं पत्रक गियोतांनं छापलं. त्याबद्दल कोर्टात बोलावणं आलं, तिथून तो सुटला आणि पॅरिसकरांचा लाडका झाला. पुढच्याच वर्षी निवडून सभेत गेला. शाळेत फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्यात टेनिस कोर्टची शपथ वाचलेली आठवते का? सभागृहाला कुलूप दिसल्यावर, चला तिकडं टेनिस कोर्टवर जमू, असं सुचवणारा हाच डॉक्टर.

आता मुद्द्याचं. त्या काळी फ्रान्समध्ये मरतानाही जात बघितली जायची. सरदार असेल तर तलवारीनं शिरच्छेद, साधा माणूस असेल तर फास. वाटमाऱ्याला चाकावर बांधून लोखंडी कांबीनं हातपाय मोडायचे. राजावर हात उचलणाऱ्याचं काय व्हायचं ते १७५७ साली पॅरिसनं बघितलं होतं. दामियां नावाच्या माणसाला चार घोडे लावून फाडण्यात आलं, ते काम लवकर उरकेना आणि गर्दी बघत उभी होती.

शिवाय शिक्षा एकट्यावर थांबत नव्हती. मालमत्ता जप्त व्हायची आणि फासावर गेलेल्याचा डाग घरादाराला लागायचा.

मृत्युदंड सरळ रद्द होण्यासारखी हवा नव्हती. मग निदान तो सगळ्यांना सारखा आणि कमी वेदनेचा तरी करू, पुढंमागं तो बंदही होईल, असा गियोतांचा हिशोब होता. १० ऑक्टोबर १७८९ ला त्यानं सभेपुढं प्रस्ताव ठेवला. एका गुन्ह्याला एकच शिक्षा, मग गुन्हेगार कुणीही असो. घरच्यांना दोष नाही. मालमत्ता जप्त नाही. प्रेत नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचं. आणि शिरच्छेद एखाद्या साध्या यंत्रानं करायचा.

१ डिसेंबरला त्यावर तो पुन्हा बोलायला उभा राहिला आणि तिथं गडबड झाली. बोलण्याच्या भरात तो सांगून बसला की माझ्या यंत्रानं पापणी लवायच्या आत डोकं उडेल आणि मानेवर जरा गारवा जाणवेल, बस्स. सभागृह खो खो हसलं. राजाच्या बाजूच्या एका पत्रानं त्यावर टवाळ गाणं छापलं. फ्रेंचमध्ये यंत्र हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून त्याच्या आडनावाचंही स्त्रीलिंगी रूप करून टाकलं. त्याचंच आपल्याकडं गिलोटिन झालं. गंमत बघा, तेव्हा यंत्राचा सांगाडासुद्धा तयार नव्हता. त्याच्या तोंडून ‘माझं’ हा एक शब्द निसटला आणि तो जन्माचा अडकला.

घरच्यांना डाग नको, मालमत्तेची जप्ती नको, प्रेत परत द्या, या गोष्टी २१ जानेवारी १७९० ला मंजूर झाल्या. यंत्राचं मात्र मागं पडलं.

१७९१ साली मृत्युदंड ठेवायचा का, यावर मोठी चर्चा झाली. तो रद्द करा म्हणून जोरदार भाषण करणाऱ्यांत रोब्सपिएर होता. हो, तोच रोब्सपिएर. सभेनं त्याचं ऐकलं नाही. मृत्युदंड राहिला, फक्त प्रत्येकाचा शिरच्छेदच होईल असं ठरलं.

मग पॅरिसचा जल्लाद सॅन्सन यानं अडचण लिहून दिली. तलवारीची धार प्रत्येक वारानंतर जाते, कैदी हलला तर वार चुकतो, एकामागून एक माणसं असतील तर हे जमायचं नाही. तेव्हा सरकारनं सर्जन आंत्वान लुई याच्याकडून आराखडा करून घेतला. इंग्लंड, स्कॉटलंड, इटलीत अशी यंत्रं आधी होऊन गेली होती, त्यामुळं कल्पना काही नवी नव्हती. बनवलं कुणी? टोबियास श्मिट नावाच्या जर्मन कारागिरानं, ज्याचा मूळ धंदा हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं वाद्य, बनवायचा. १७ एप्रिल १७९२ ला बिसेत्रच्या हॉस्पिटलात प्रेतांवर चाचणी झाली आणि २५ एप्रिलला पेलतिए नावाच्या दरोडेखोरावर पहिला वापर. इतक्या झटकन संपलं की जमलेले लोक नाराज झाले. सुरुवातीला लुईच्या नावावरून यंत्राला लुईझेत म्हणायचे, पण ते नाव टिकलं नाही.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. २१ जानेवारी १७९३ ला, गियोतांचे मुद्दे मंजूर झाले त्याला बरोबर तीन वर्षं होताना, सोळावा लुई गिलोटिनखाली गेला. ऑक्टोबरात राणी मारी आंत्वानेत. नोव्हेंबरात बायी. पुढच्या मे महिन्यात लव्हाझिए. १७९३-९४ च्या दहशतीत न्यायालयांच्या हुकमानं देशभरात सोळा हजारांवर माणसं मारली गेली, एकट्या पॅरिसमध्ये अडीच हजारांहून जास्त. शेवटी २८ जुलै १७९४ ला रोब्सपिएर स्वतः.

सॅन्सननं तलवारीबद्दल जे लिहिलं होतं ते इथं आठवतं. जल्लादाचा हात दमतो, पातं दमत नाही. कैद्याची वेदना कमी व्हावी म्हणून सुचवलेल्या गोष्टीनं मारणाऱ्यांचं काम सोपं केलं. गियोतांला हा दोष देता येईल का? मला वाटतं, पूर्ण नाही. पण आपल्या नावानं काय चाललंय हे त्याला रोज दिसत होतं.

तोही तुरुंगात जाऊन आला आणि रोब्सपिएर पडल्यावर सुटला. नंतर राजकारणात फिरकला नाही. जेन्नरची देवीची लस तेव्हा नवी होती, लोक घाबरायचे. गियोतांनं तिच्या प्रसारासाठी पॅरिसच्या लस समितीत काम केलं. देवीनं मरणारी किती पोरं त्यामुळं वाचली असतील, पण त्या कामासाठी त्याचं नाव कुणी घेत नाही.

२६ मार्च १८१४ ला तो पॅरिसमध्ये घरीच आजारपणात वारला. तरी तो स्वतःच्याच यंत्राखाली मेला ही अफवा आजही फिरते. त्याच आडनावाच्या ल्योंच्या एका डॉक्टरला गिलोटिनवर मारलं होतं, त्यातून हा घोळ झाला.

फ्रान्सनं हे यंत्र १० सप्टेंबर १९७७ पर्यंत वापरलं आणि १९८१ साली मृत्युदंडच रद्द केला. गियोतांच्या मृत्यूनंतर त्याच्या घरच्यांनी सरकारकडं यंत्राचं नाव बदलायची मागणी केली आणि ती फेटाळल्यावर स्वतःचंच आडनाव बदललं, असं सांगितलं जातं.