पडण्याचा हिशेब

मळणीयंत्रे गावोगाव पोहोचण्यापूर्वी रेणापूरच्या शिवारात ज्वारीची रास उफणण्याचे काम वाऱ्याच्या मर्जीवर चाले. उंचावर उभा राहिलेला शेतकरी पाटी डोक्यावर धरून वाऱ्याची वाट पाही. वारा पडला की हात थांबे, वारा उठला की धार पुन्हा सुरू होई; दाणा पायाशी पडे आणि भूस दूर उडून जाई. एकाच वाऱ्यात एक वस्तू का पडते आणि दुसरी का तरंगते, याचे उत्तर त्या शेतकऱ्याच्या हातांना पुरेपूर ठाऊक होते. मात्र हातातले शहाणपण कागदावर उतरल्याखेरीज दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही. आणि त्यातही आपले यश कागदावर उतरविणे सोपे, आपले पडणे उतरविणे फार कठीण. वाऱ्याच्या बाबतीत हे कठीण काम ज्यांनी आयुष्यभर निष्ठेने केले, ते जर्मन अभियंते ओटो लिलिएन्थाल यांचे चरित्र आजच्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या शिक्षकानेही डोळसपणे वाचावे असे आहे.

लिलिएन्थाल यांचा जन्म २३ मे १८४८ रोजी प्रशियातील आंक्लाम या लहानशा गावी झाला. वडील १८६१ मध्ये वारले आणि मुलांचा सांभाळ आईवर आला. ओटो आणि त्याचा धाकटा भाऊ गुस्टाफ यांना गावाबाहेरच्या कुरणात उतरणाऱ्या करकोच्यांचे वेड होते. एवढा जड पक्षी चार पावले वाऱ्याच्या समोर धावतो आणि अलगद उचलला जातो, हे पाहून या पोरांनी लाकडी पट्ट्यांचे पंख हातांना बांधले आणि टेकाडावरून धावत सुटले. शाळासोबती हसतील म्हणून हे प्रयोग रात्री चांदण्यात चालत. ते अर्थातच फसले. हसू होईल या भीतीने अपयश अंधारात लपविणारा हाच मुलगा पुढे आपल्या प्रत्येक धडपडीची नोंद जगासमोर ठेवणारा शास्त्रज्ञ झाला, ही त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी वाटचाल म्हणावी लागेल.

पॉट्सडॅमची तंत्रशाळा, बर्लिनमधील कारखान्यातली उमेदवारी आणि तेथीलच औद्योगिक अकादमी असे त्यांचे शिक्षण झाले. १८७०–७१ च्या फ्रान्सबरोबरील युद्धात त्यांनी सैनिक म्हणून भाग घेतला. १८८३ मध्ये त्यांनी बर्लिनमध्ये बाष्पक आणि वाफेची यंत्रे बनविणारा स्वतःचा कारखाना काढला. कारखान्याच्या नफ्यातील पंचवीस टक्के वाटा ते कामगारांना देत, ही गोष्ट त्या काळच्या मालकवर्गात अपवादात्मकच होती. उड्डाणाचा नाद हा श्रीमंताचा छंद नव्हता. दिवसभराचा व्यवसाय सांभाळून, पदरच्या पैशाने आणि सुटीच्या दिवसांत त्यांनी तो जोपासला.

आकाशात झेप घेण्यापूर्वी त्यांनी जमिनीवर वीसहून अधिक वर्षे मोजमापे केली. फिरत्या दांडीच्या टोकाला निरनिराळ्या आकारांचे पृष्ठभाग बसवावयाचे, दांडी गरगर फिरवावयाची आणि कोणत्या कोनात किती उचल मिळते व हवेचा किती अडथळा होतो हे टिपावयाचे, असा हा उद्योग होता. सपाट फळीपेक्षा पक्ष्याच्या पंखासारखा किंचित वाकविलेला पृष्ठभाग अधिक उचल देतो, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवून दिले. १८८९ मध्ये त्यांनी हे सारे एका ग्रंथात प्रसिद्ध केले. पक्ष्यांचे उड्डाण हा माणसाच्या उड्डाणकलेचा पाया कसा ठरतो, याचे त्यात विवेचन होते. चाळीशी ओलांडल्यानंतर हा कारखानदार स्वतः पंख घेऊन टेकडीवर चढला.

१८९१ मध्ये देर्विट्झ गावाजवळ त्यांनी सुमारे पंचवीस मीटरपर्यंतची पहिली उड्डाणे केली. १८९३ मध्ये रिनोव्हच्या टेकड्यांवरून ते २५० मीटरपर्यंत तरंगत गेले. १८९४ मध्ये बर्लिनजवळच्या लिख्टरफेल्ड येथे त्यांनी पंधरा मीटर उंचीची मातीची टेकडीच उभारून घेतली. वारा कोणत्याही दिशेचा असो, तिच्यावरून त्याच्या समोर उडी घेता येत असे. लवचिक काठ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेले सुती कापड, असे त्यांचे ग्लायडर विसेक किलो वजनाचे असे. पाच वर्षांत त्यांनी दोन हजारांहून अधिक उड्डाणे केली; पण त्या सगळ्यांचा हवेतला काळ एकत्र केला तर तो काही तासांचाच भरतो. उड्डाण काही सेकंदांचे, आणि त्यामागचा विचार आठवड्यांचा, हे प्रमाण ध्यानात घेण्याजोगे आहे.

या यंत्राला सुकाणू म्हणावे असे काही नव्हते. आजचा हँग ग्लायडर चालविणारा पंखाखाली पट्ट्यांनी मोकळा लोंबकळतो; हातातल्या दांडीच्या आधारे तो आपले सगळे शरीर मागेपुढे आणि डावीउजवीकडे नेऊ शकतो. लिलिएन्थाल मात्र सांगाड्यात हात अडकवून उभे असत. छातीपासून वरचा भाग जवळजवळ जखडलेला, आणि तोल सांभाळावयाचा तो खालच्या अंगाला झोके देऊन. उतरताना तर कसोटीच लागे. जमीन जवळ येताच करकोच्याप्रमाणे पाय पुढे टाकून, अंग मागे झोकून पंखाचे नाक वर उचलावयाचे आणि वेग मारावयाचा. हे क्षणभर आधी झाले तर यंत्र वर उसळून कोसळणार. क्षणभर उशिरा झाले तर नाक मातीत रुतणार.

असाच एक अपघात त्यांनी स्वतः तपशीलवार लिहून ठेवला आहे. त्या दिवशी हातांचे आधार सांगाड्यात जरा मागे बसविले गेले होते. सुमारे वीस मीटर उंचीवर असताना भार मागे गेला. थकलेल्या हातांना अंग पुढे ओढता येईना. यंत्राचे नाक वर वर चढत गेले आणि ते सरळ आकाशाकडे झेपावले. क्षणभर त्यांना निळ्या आकाशावाचून दुसरे काही दिसेना. मग ते उलटले आणि डोके खाली अशा स्थितीत जमिनीवर आदळले. डोक्याच्या डाव्या बाजूला जखम आणि डावा हात मुरगळलेला, एवढ्यावर हे संकट निभावले. ग्लायडरच्या पुढच्या बाजूस त्यांनी लवचिक लाकडाची एक कमान त्या दिवशी प्रथमच बसविली होती. क्रिकेटची बॅट ज्या विलोपासून होते, त्याच कुळातल्या लाकडाची ती होती. तिच्या ठिकऱ्या उडाल्या आणि ती फूटभर जमिनीत रुतली. पण आघात तिने सोसला आणि तिच्यामुळे माणूस वाचला.

लिलिएन्थाल यांनी यातले काहीही लपविले नाही. आधार कोठे चुकला, भार कसा सरकला, यंत्र कोणत्या क्रमाने फिरले, कमानीने काय केले हे सगळे त्यांनी प्रसिद्ध केले. आपला तयार माल विकणाऱ्या माणसाला हे परवडणारे नव्हते. कारण याच काळात ते आपली ग्लायडरे विकतही होते. तरीही विक्रीपेक्षा सत्य त्यांना मोलाचे वाटले.

परंतु चरित्र म्हणजे आरती नव्हे. पडण्यातून दोन प्रकारचे धडे मिळतात. एक, पुढच्या वेळी पडलो तर लागू नये याची तजवीज. दुसरा, मुळात पडलो का याचा शोध. पहिला धडा लिलिएन्थाल यांनी तत्काळ घेतला. किंबहुना तो त्यांनी अपघाताआधीच घेतला होता. दुसऱ्या धड्याचे अर्धे काम त्यांनी केले. आधार चुकीच्या जागी होता हे त्यांना कळले. पण आधार योग्य जागी असला तरी केवळ अंगाच्या झोक्याने आवरता येणार नाही असा वाऱ्याचा झोत येऊ शकतो, या प्रश्नाचे पक्के उत्तर त्यांच्या हाती लागले नाही. ते नव्या रचना करून पाहत होते. १८९५ मध्ये एकावर एक असे दोन पंख असलेले ग्लायडरही त्यांनी उडविले. मात्र काळाने त्यांना पुरेशी सवड दिली नाही.

९ ऑगस्ट १८९६ हा रविवार होता. श्टोल्न गावाजवळच्या टेकडीवरून उड्डाणे चालली होती. उन्हाने तापलेल्या हवेचा झोत आला, ग्लायडरचे नाक वर उचलले गेले, वेग संपला आणि अंग पुढे झोकूनही तोल सावरला नाही. सुमारे पंधरा मीटरवरून ते कोसळले. मानेचा मणका मोडला होता. दुसऱ्या दिवशी त्यांना बर्लिनला नेण्यात आले आणि तेथेच १० ऑगस्ट रोजी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. त्यांच्या थडग्यावर पुढे बलिदानाविषयीचे एक वाक्य कोरण्यात आले. मरताना ते खरोखर तसे बोलले याला भक्कम आधार नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. जगाला उपयोगी पडले ते त्यांचे मरण नव्हे, त्यांची वही होय.

या वहीचे पुढे काय झाले, हा इतिहास उद्बोधक आहे. इंग्लंडमधील पर्सी पिल्चर हे लिलिएन्थाल यांच्याकडे जाऊन शिकले, अंगाच्या झोक्यावरच तोल सांभाळत राहिले आणि १८९९ मध्ये ग्लायडर मोडून पडल्याने मरण पावले. अमेरिकेतील डेटन गावचे सायकल दुकानदार विल्बर आणि ऑर्व्हिल राइट यांनी लिलिएन्थाल यांच्या मृत्यूची बातमी वाचली आणि त्यांना पहिला प्रश्न पडला तो तोल आवरण्याचाच. त्यांनी पंखांची टोके पिळून तोल सांभाळण्याची युक्ती काढली. नाक वरखाली करणारे छोटे पंख त्यांनी पुढे बसविले. लिलिएन्थाल यांच्यासारखे डोक्यावर आपटणे टळावे, हाही त्यात हेतू होता. १९०१ मध्ये त्यांचे स्वतःचे ग्लायडर अपेक्षेइतकी उचल देईना, तेव्हा लिलिएन्थाल यांच्या तक्त्यांवरच त्यांचा संशय गेला. पण संशयावर न थांबता त्यांनी लाकडी वातबोगदा तयार केला आणि पंखांचे सुमारे दोनशे नमुने तपासले. तक्ते बहुतांशी बरोबर निघाले. हवेच्या दाबासाठी शंभराहून अधिक वर्षे डोळे मिटून वापरला गेलेला एक जुना गुणांक चुकीचा होता. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे यंत्र पहिल्या खेपेस बारा सेकंद उडाले. आकडे लिहिलेले होते म्हणूनच ते तपासता आले, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

याच दशकाशी महाराष्ट्राचीही एक आठवण जोडलेली आहे. १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी मनुष्यविरहित विमान उडविले, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. तळपदे यांची जिज्ञासा आदरणीय होती. पण त्या उड्डाणाचा विश्वसनीय आराखडा, मोजमाप किंवा फसलेल्या प्रयोगांची टिपणे उपलब्ध नाहीत. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाशी ही कथा जोडली जाते, त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्ये काढला. लिलिएन्थाल यांचे कोसळणे आज तपासता येते. चौपाटीवरचे उडणे तपासता येत नाही. ज्ञानाच्या बाजारात नोंदविलेले अपयश हे नोंद नसलेल्या यशापेक्षा अधिक मोलाचे ठरते, हे कटू असले तरी स्वीकारलेच पाहिजे.

लातूर जिल्ह्याला तर हा धडा परदेशातून आणण्याचे कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसे गिळली. चिखलात बसविलेल्या गोट्यांच्या रुंद भिंती आणि माळवदाच्या मातीचा भार यांनी झोपेतच घात केला. पुनर्वसन, मदत, नवी घरे ही विलोची कमान होती आणि ती आवश्यकच होती. भिंतींना बांधून ठेवणारे पट्टे, हलके छप्पर आणि जोडलेले कोपरे हा खरा दुसरा धडा होता. आज नवा मजला चढविताना गावातला मालक आणि गवंडी त्याची आठवण ठेवतात का, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत पाहावे.

आणि शाळेत तरी काय घडते? परीक्षेच्या निकालाकडे डोळे लावून बसणारा हा जिल्हा. घटक चाचणीची उत्तरपत्रिका हाती पडते, विद्यार्थी वरचे गुण पाहतो आणि कागदाची घडी करून दप्तरात, पुष्कळदा घरच्यांच्या नजरेआड, दडवून टाकतो. चांदण्यात पंख लपविणाऱ्या आंक्लामच्या पोराहून तो वेगळा नाही. अधिक गुणांसाठी आणखी एक शिकवणी लावणे ही आघात सोसण्याची तजवीज झाली. गणित नेमके कोणत्या पायरीवर घसरले, हे त्याच्याच हाताने त्या गणिताखाली लिहून घेणे हा दुसरा धडा. त्याला पैसा लागत नाही; लागतो तो शिक्षकाचा थोडा वेळ आणि चुकलेल्या मुलाला वर्गात कोणी हसणार नाही याची हमी. ही हमी मिळाली तरच पोरे आपले पंख दिवसाउजेडी बाहेर काढतील.