विश्लेषण : आशुतोष मुखर्जींनी पुन्हा कुलगुरू होणे का नाकारले?

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांत कुलगुरूंची मुदत पाच वर्षे असते. वयाची ६५ वर्षे त्याआधी पूर्ण झाली, तर पद तेव्हाच सोडावे लागते. त्याच विद्यापीठात पुन्हा नियुक्ती मिळत नाही, असे २०१६ चा कायदा सांगतो. उत्तम काम करणाऱ्यालाही का थांबवायचे, असा प्रश्न त्यावर विचारला जातो. शंभर वर्षांपूर्वी कलकत्ता विद्यापीठात नेमकी उलट व्यवस्था होती. मुदत दोनच वर्षांची, पण फेरनियुक्तीला मर्यादा नव्हती. त्या व्यवस्थेचे बळ आणि तिचा फास, दोन्ही सर आशुतोष मुखर्जी यांनी अनुभवले.

मुदत दोन वर्षांची, मग आठ वर्षे सलग कशी?

मुखर्जींचा जन्म २९ जून १८६४ चा. मूळचे गणिती, पुढे वकील आणि १९०४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. १९०६ मध्ये ते कुलगुरू झाले. हे पद तेव्हा बिनपगारी होते. न्यायालयाचे काम सांभाळून ते विद्यापीठ पाहत. दर दोन वर्षांनी सरकारने त्यांना पुन्हा नेमले आणि १९१४ पर्यंत त्यांच्या चार मुदती झाल्या.

तोवर प्रामुख्याने परीक्षा घेणारे हे विद्यापीठ त्यांनी शिकवणारे आणि संशोधन करणारे केले. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या वकिलांच्या मोठ्या देणग्यांतून विज्ञान महाविद्यालय उभे राहिले. सरकारी अर्थखात्यातली नोकरी सोडून सी. व्ही. रामन तेथे प्राध्यापक झाले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त यांना प्राचीन भारतीय इतिहासाचे अध्यासन मिळाले. १९१९ मध्ये भारतीय भाषांत एम. ए. करण्याची सोय झाली. ही कामे दोन वर्षांत होणारी नव्हेत, हे मान्य करावेच लागते.

मग टीका कसली होती?

कुलगुरूपद गेल्यावरही पदव्युत्तर विभागांची सूत्रे मुखर्जींकडेच राहिली. सगळे विद्यापीठ एकाच माणसाभोवती फिरते, विस्तार झेपण्यापलीकडे गेला आहे आणि पदव्यांचा दर्जा घसरतो आहे, असे टीकाकार म्हणत. त्यांत सर्वांत धारदार लेखणी जदुनाथ सरकारांची. शिवचरित्रामुळे मराठी वाचकांना ते परिचित आहेतच. या टीकेत तथ्य होते. १९२१ मध्ये मुखर्जी पाचव्यांदा कुलगुरू झाले तेव्हा विद्यापीठाची तिजोरी खरोखरच रिकामी होत चालली होती. बंगाल सरकारने १९२२ मध्ये अडीच लाख रुपये देऊ केले, पण अटी घालून. विद्यापीठाने ते घेतले नाहीत.

१९२३ मध्ये काय घडले?

मुखर्जींची मुदत संपत आली होती. नव्या व्यवस्थेत बंगालचे गव्हर्नर हेच कुलपती होते आणि त्या पदावर लॉर्ड लिटन होते. मार्चमध्ये त्यांनी पत्र पाठवले. फेरनियुक्ती मिळेल, पण सरकारला विरोध न करता सहकार्य करण्याची हमी द्यावी लागेल, असा त्याचा आशय होता. त्या वेळी विद्यापीठाचा कारभार बदलू पाहणाऱ्या सरकारी विधेयकावर वाद पेटलेला होता. मुखर्जींनी तडक उत्तर लिहून हा प्रस्ताव धुडकावला. कुलगुरू विद्यापीठाला बांधील असतो, सरकारला नाही, ही त्यांची भूमिका होती.

खरी मेख इथेच आहे. फेरनियुक्तीची आशा असली की ती देणाऱ्याच्या हाती दोरी येते. मुखर्जींकडे न्यायाधीशपद होते आणि नावही होते, म्हणून त्यांना ती दोरी तोडता आली. पदावरच ज्याची भाकरी अवलंबून आहे, त्याला हे कितपत जमले असते?

त्यांच्या जागी भूपेंद्रनाथ बसू आले. न्यायालयातून निवृत्त झाल्यावर मुखर्जी पुन्हा वकिली करू लागले. पाटण्यात एका खटल्यासाठी गेले असताना २५ मे १९२४ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९२६ मध्ये जदुनाथ सरकार स्वतः कुलगुरू झाले आणि एकाच मुदतीनंतर, १९२८ मध्ये, पायउतार झाले.