डभोईचे जगन्नाथ गुणे

‘योग’ हा शब्द उच्चारताच आपल्या मंडळींपैकी काहींच्या कपाळाला आठी पडते. त्या वादात आज शिरावयाचे नाही. दुखणाइताच्या शरीरावर उपाय करण्यापूर्वी ते शरीर नीट जाणून घेतले पाहिजे, हा आग्रह आयुष्यभर धरणाऱ्या एका गृहस्थाची ही ओळख आहे.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म बडोद्याजवळील डभोई येथे ३० ऑगस्ट १८८३ रोजी झाला. १९०३ साली मॅट्रिकला त्यांनी जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळविली व ते बडोदा कॉलेजात गेले. १९०७ ते १९१० या काळात तेथील जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली त्यांनी शरीर कमावले. पुढे ते अमळनेरला अध्यापक झाले.

१९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथील माधवदासजींकडून त्यांनी योगविद्या घेतली. गुरूने सांगावे व शिष्याने मान डोलवावी, ही आपल्याकडची रीत. गुण्यांनी गुरूला मानले खरे, परंतु तेवढ्या आधारावर रोग्याला उपचार सांगणे त्यांना पटेना. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात विद्यार्थ्यांना उड्डियान करावयास लावून, त्या वेळी पोटात काय घडते ते त्यांनी क्ष-किरणांनी पाहिले. ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम निघाले; त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही. नौलीत पोटाचे स्नायू आवळले की मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो व पाणी आपोआप आत ओढले जाते, हे त्यांनी दाब मोजून दाखविले आणि त्या निर्वात स्थितीला गुरूंचेच नाव दिले. यंत्र उलट बोलले असते तर? गुरूची शिकवण अशी तराजूत घालावयास छाती लागते.

प्रार्थनेसाठी इस्पितळात जाणारा मी, कित्येकदा रोग्याची हकीकत पुरती न ऐकताच बोलू लागलो आहे. गुण्यांचे चरित्र वाचताना त्याची लाज वाटली.

१९६३ साली डॉ. विनेकरांसह त्यांनी योगोपचारावर पुस्तक लिहिले. त्यात आसने एकटी येत नाहीत. रोग्याच्या मनाची वृत्ती सुधारणे, स्नायू, मज्जा व ग्रंथी यांना पुन्हा वळण लावणे आणि आहार व मलशुद्धी सांभाळणे, अशी तिन्ही अंगे तेथे बरोबर चालतात.

१८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. लोणावळ्याचे इस्पितळ व ‘योगमीमांसा’ दोन्ही अद्याप चालू आहेत.