सालिम अली आणि घन्याचे पाणी

भिलाईच्या स्मृतिनगरातून उत्तरेस बेमेतरा जिल्ह्यात गेले, की गिधवा व परसदा या गावांची तळी लागतात. हिवाळ्यात तेथे उत्तरेकडील बदके उतरतात. गावाचे तळे आणि पाहुणा पक्षी यांचे नाते कसे असावे, हा प्रश्न ज्यांच्या जीवनकार्यात तीव्रतेने उभा राहिला, त्या डॉ. सालिम अलींचे स्मरण अशा तळ्याकाठी सहजच होते.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. मामा शिकारी, तेव्हा भाच्याच्या हातीही छर्ऱ्याची बंदूक आली. तिने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीची ओळख पटवण्यासाठी हा मुलगा बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, आणि सचिव मिलार्ड यांनी तेथील पक्षिसंग्रह त्याच्यापुढे उघडला. पुढे संग्रहालयातील नोकरी गेल्यावर अलिबागजवळच्या किहीम गावी राहून त्यांनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. तो मुक्काम बेकारीतला होता, हे विसरू नये.

भरतपूरचा केवलादेव घना हे निसर्गनिर्मित सरोवर नव्हे. अजान बांधाचे पाणी सोडून संस्थानिकांनी ते बदकांच्या शिकारीसाठी राखले होते. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, म्हणजे योगायोगाने सालिम अलींच्या वाढदिवशीच, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत तेथे एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. स्वातंत्र्यानंतर घना कोरडा करून जमीन लागवडीस द्यावी, अशी मागणी झाली. सालिम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत हा प्रश्न नेला; पाणी राहिले, आणि १९५६ मध्ये घना अभयारण्य झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ पासून सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले, त्याचेही भरतपूर हे प्रमुख केंद्र होते.

चरित्रकार बहुधा येथे थांबतात. तसे थांबणे मला योग्य वाटत नाही. घन्यातील म्हशींची चराई बंद व्हावी, असे सालिम अलींचे मत होते. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ च्या नोव्हेंबरात ती बंद झाली. गावकऱ्यांचा उद्रेक झाला, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. म्हशी गेल्या आणि पास्पॅलम नावाच्या गवताने उथळ पाणी झाकून टाकले. मासे व बदके यांना मोकळे पाणी उरेना. १९८० ते १९९० या दशकात घन्याचा अभ्यास करून चराईबंदी अपायकारक ठरली असा निष्कर्ष काढला, तो सालिम अलींच्याच सोसायटीने. ज्या संस्थेला त्यांनी निरीक्षणाची शिस्त लावली, तिने त्यांच्या मतालाही सूट दिली नाही, हे मला त्यांच्या पद्मविभूषणाहून मोठे वाटते. अंतिम निष्कर्ष पाहावयास ते नव्हते. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले होते.

पुढे पावसाची ओढ आणि गंभीर नदीवरील पांचना धरण यांमुळे घन्याचे पाणीच आटू लागले. सायबेरियन क्रौंचांची अखेरची जोडी २००१-०२ च्या हिवाळ्यात तेथे दिसली. हवामान बदलत असता आता चंबळचे पाणी नळांवाटे आणावे लागते. आणि गवत कापून नेण्यासाठी गावकऱ्यांना परवाने देण्याची वेळ उद्यानावर आली.