रमाबाई रानडे आणि स्त्रियांचा मताधिकार

निवडणुकीच्या दिवशी सदर बाजारात मतदानासाठी निघालेल्या आपल्या भगिनी दिसल्या की आम्हांस कै. रमाबाई रानडे यांचे स्मरण होते.

देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांची ही कन्या १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांची पत्नी झाली. तेव्हा तिला अक्षरओळखही नव्हती. पतीने शिकविण्यास आरंभ केला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ते रुचले नाही. पण त्यांचे टोमणे मुकाट्याने सोसून रमाबाई मराठी व इंग्रजी शिकल्या. १९०१ साली वैधव्य आले. त्या दुःखातून सावरून १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले व निराधार स्त्रियांना स्वावलंबनाची वाट दाखविली.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने स्त्रियांच्या मताचा प्रश्न प्रांतिक कौन्सिलांवर सोपविला. मुंबई इलाख्यातील मताधिकाराच्या चळवळीत, साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या रमाबाई अग्रभागी होत्या. १९२१ साली मुंबई कौन्सिलाने हा हक्क मान्य केला. तथापि मालमत्तेच्या अटीमुळे तो थोड्यांनाच लाभला. १९२४ साली रमाबाई निवर्तल्या. आपले रायपूर ज्या मध्य प्रांतात होते, तेथे स्त्रियांना मत मिळाले ते १९२७ साली, आणि सर्व प्रौढ स्त्रियांना स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेमुळे.

ज्या स्त्रीला पुस्तक हाती धरण्यासाठी घरच्यांचा रोष पत्करावा लागला, तिने इतरांच्या हाती मतपत्रिका यावी म्हणून झटावे, हे आम्हांस विशेष वाटते. मतदानाच्या दिवशी उन्हाचे निमित्त सांगून घरी बसताना आपण सर्वांनीच तिची आठवण ठेवावी.